पडायची गाडी

नव्या गाडीचं आपल्याकडे फार कौतुक. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू, आणि वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या अबोल काकूंपर्यंत सगळ्यांना पेढे. सीटवरचं प्लॅस्टिक पुढे कित्येक महिने निघत नाही. उन्हात ते पोळतं, पावसात त्याच्याखाली पाणी साचतं, तरी मालक त्याच्यावरच घसरत-सावरत ऑफिस गाठतो. मग एके दिवशी मंडईबाहेर कुणाच्या तरी सायकलचं हँडल टाकीला लागतं, आणि त्या केसाएवढ्या ओरखड्यावर घरातलं प्रत्येक माणूस एकदा तरी बोट फिरवून बघतं. कुणी थुंकी लावून पुसूनही पाहतं. ओरखडा तिथेच राहतो. खरं तर त्या दिवसापासून गाडी आपली होते, पण हे मान्य करायला घरात कुणी तयार नसतं.

अशा वळणाच्या घरात वाढलेला माझा भाचा एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाला, "मामा, मला पाडायला एक गाडी घ्यायचीय." ताई आत चहा टाकत होती म्हणून बरं. तो ‘चालवायला’ म्हणाला असता तर बोलणं मायलेज, हप्ते आणि हेल्मेट या ठरलेल्या थांब्यांवर थांबत रीतसर पुढे गेलं असतं. पण पाडायला! त्याचं म्हणणं सरळ होतं. स्टंट शिकायचे म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या चाकावर गाडी तोलायची, आणि तोल साधेपर्यंत ती आडवी होणारच. मग नव्या गाडीला कशाला तो ताप? जिचं पडून झालंय, तीच बघावी. मी या तर्काला बोट घालायला फट शोधली, मिळाली नाही. रस्त्यावर असलं काही करणार नाही, तळेगावकडे एका बंद कारखान्याचं आवार मालकाच्या परवानगीने मिळालंय, हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांची कवचं आधीच घेतलीत, हे सगळं त्याने मी विचारायच्या आत सांगून टाकलं. मला बरोबर न्यायचं कारण एवढंच, की पिकल्या केसांचा माणूस शेजारी असला की विकणारा थोडं कमी खोटं बोलतो.

हा त्याचा समज पहिल्याच दुकानात कोलमडला. सेकंडहँड बाजारात केस पाहून कुणी खोटं कमी-जास्त करत नाही. "सिंगल ओनर आहे साहेब, डॉक्टरांची गाडी. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर." पुण्यात विकायला आलेल्या सगळ्या गाड्या खरोखरच डॉक्टरांनी वापरल्या असतील, तर या शहरात रुग्णांपेक्षा डॉक्टर जास्त झाले असले पाहिजेत. एरवी अशा वाक्यांनी गिऱ्हाईक सुखावतं. भाच्याचा चेहरा मात्र उतरत जायचा. "पडलीय का कधी?" तो आशेने विचारायचा. "आईशप्पथ, एकदासुद्धा नाही!" दुकानदार गळ्याला चिमटा घेऊन सांगायचा, आणि हा हिरमुसून पुढच्या दुकानाची वाट धरायचा. मागे तो दुकानदार विचारात पडलेला दिसायचा. आपल्या बोलण्यात नेमकं काय चुकलं, हे त्याला त्या रात्री जेवतानाही उमगलं नसेल.

भाच्याच्या मनात होती ती तीनशे नव्वद ड्यूक, आणि तीही पहिल्या पिढीची. २०१३ साली ती बाजारात आली तेव्हा केटीएम हे ऑस्ट्रियाचं नाव असलं तरी तिचा जन्म आपल्या चाकणचा, बजाजच्या कारखान्यातला. ३७३ सीसीचं एकच सिलिंडर, ४३ अश्वशक्ती, आणि वजन दीडशे किलोच्या आसपास. २०१७ साली आलेल्या पुढच्या पिढीत सायलेन्सर कडेला आला, म्हणजे गाडी त्या अंगावर आडवी झाली की पहिला मार त्याला. पहिल्या पिढीत तो इंजिनाच्या पोटाखाली दडलेला असतो. शिवाय तिचं एबीएस बंद करता येतं, आणि ते करावंच लागतं, कारण ब्रेक दाबून मागचं चाक उचलायचं तर चाक आवळू न देणारी ती शहाणी यंत्रणा मध्येच लुडबुड करते. सव्वाशे-दीडशे सीसीची गाडी उचलायला क्लचशी फार झटापट करावी लागते. हजार सीसीची नुसत्या मनगटाच्या वळशाने उठते आणि पडली की चौघांना बोलवावं लागतं. मधल्या गाडीचं मधल्या भावासारखं असतं: थोरल्याचा मान नाही, धाकट्याचे लाड नाहीत, त्यामुळे मार खाऊन उठायची सवय उपजत.

अमेरिकेत या मधल्या वजनाचं स्थान सहाशे सीसीच्या गाड्यांना आहे. २००१ सालापासूनची होंडाची सीबीआर सहाशे एफ-फोर-आय आणि २००३ सालची कावासाकीची सहाशे छत्तीस या दोघींनी तिकडे स्टंटवाल्यांच्या किती पडझडी सोसल्या असतील त्याला गणती नाही. चार सिलिंडरच्या, ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जाणाऱ्या या गाड्या. जपानी इंजिनिअरांनी वाऱ्याचा विरोध टाळण्यासाठी त्यांच्या अंगाला एकेक बाक दिला. स्टंटवाला ती विकत घेतो आणि आधी तो सगळा बाक खोलून बाजूला ठेवतो. मग मागचं सेहेचाळीसेक दात्यांचं स्प्रॉकेट काढून ६० दात्यांचं, पुरणाच्या ताटाएवढं स्प्रॉकेट बसवतो, म्हणजे ओढ वाढते आणि वेग घटतो. रेस थोडी वाढवून ठेवतो, मागच्या टायरमधली हवा कमी करतो, डाव्या हाताशी मागच्या ब्रेकची आणखी एक कांडी लावतो, कारण गाडी उभी झाली की पाय पेडलवर असतोच असं नाही. टाकी ठोकून तिला खड्डा पाडतो, वर बसता यावं म्हणून. एवढं सगळं झालं की ती अडीचशेची गाडी, एका चाकावर, संध्याकाळी फिरायला निघालेल्या आजोबांच्या चालीने, एका जागेभोवती गोल गोल फिरू लागते.

मला यातलं हेच फार आवडलं. माणसाने वेगासाठी केलेला एवढा खटाटोप, आणि त्याच्या टोकाला कुठेही न जाण्याची ही विलक्षण हौस. जपानमध्ये त्सुकुबाला वाहन-संशोधन संस्थेच्या चाचणी-मार्गावर ५ मे १९९१ या दिवशी यासुयुकी कुदो नावाच्या गृहस्थाने होंडाच्या एका छोट्या गाडीवरून पुढचं चाक खाली न टेकवता ३३१ किलोमीटर अंतर कापलं. म्हणजे आपल्या हिशेबाने पुण्याहून निघून जवळजवळ बेळगाव. त्याआधी १९८४ मध्ये अमेरिकेच्या डग डोमोकोसने टॅलाडेगाच्या शर्यतमार्गावर २३३ किलोमीटरची मजल मारली होती. दोघेही निघाले कुठे आणि पोचले कुठे, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. फेऱ्या घालणाऱ्याला आपल्याकडेही तो कुणी विचारत नाही.

लहानपणी गावच्या यात्रेत मी मौत का कुआँ पाहायचो. फळ्यांच्या त्या उभ्या विहिरीत मोटरसायकल भिंतीला चिकटून फिरायची, कठड्याशी आली की फळ्यांबरोबर आमचे दातही वाजायचे, आणि पुढे केलेली नोट चालवणारा दोन बोटांत अलगद टिपून घ्यायचा. एकदा खेळ नसताना, दुपारच्या उन्हात, मी ती गाडी तंबूमागे उभी असलेली पाहिली. मडगार्ड नाही, दिवा नाही, सायलेन्सर नाही. टाकीवर रंगांचे थर एकावर एक सोललेले, आणि हँडलच्या दांडीला वाळलेली झेंडूची माळ. इतकी किडकिडीत गाडी रात्री एवढा गडगडाट करते याचं मला नवल वाटलं. चालवणारा शेजारी बादलीत स्वतःचा शर्ट धूत होता. धुऊन झाल्यावर त्याने तो पिळला आणि गाडीच्याच हँडलवर वाळत घातला. तिचाही त्याला काही आक्षेप दिसला नाही.

ड्यूक शेवटी मोशीला मिळाली. विकणारा तिशीचा, चाकणच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा. त्याने पार्किंगच्या कोपऱ्यातून ताडपत्री ओढली आणि भाच्याचा श्वास अडकला. इंजिनाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा. त्याचा काळा रंग कोपऱ्यांवर घासून आत पांढरं लोखंड चकाकत होतं. हँडलचं टोक फळ्यावर तिरकं घासलेल्या खडूसारखं झिजलेलं. क्लचच्या कांडीचा शेंडा गायब. मागचा टायर मधोमध सपाट. आणि मीटरवर आकडा इतका लहान, की एखाद्या खऱ्याखुऱ्या डॉक्टरालाही तो शोभला असता. मी तिथे बोट ठेवलं. तो लाजून हसला. "मीटरवर जाऊ नका काका. ते पुढच्या चाकावरून मोजतं. पुढचं चाक हवेत थांबलं की गाडी कुठे गेलीच नाही, असंच धरतं ते."

मग भाच्याची तपासणी सुरू झाली. गाडी उभी राहते तेव्हा तेल मागे सरकतं आणि इंजिन कोरडं पडू शकतं, म्हणून त्याने तेलाची पातळी पाहिली, कान लावून खालचा आवाज ऐकला. पुढचं चाक उचलून कोनसेट डावी-उजवीकडे फिरवून पाहिला. चासीच्या जोडांवर नखाने कुठे तडा लागतो का ते चाचपलं. प्रत्येक जखमेचा इतिहास विकणाऱ्याला पाठ होता, आणि तो सांगताना त्याच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. कुठली कुठे झाली, तेव्हा कोण हसलं, नंतर कोणी वडापाव खाऊ घातला. मी विचारलं, "मग विकताय का?" त्याने वरच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथे दोरीवर लहान लहान लंगोट वाळत होते. "तसं काही नाही हो काका," तो म्हणाला, "पण हल्ली पडायच्या आधी विचार येतो."

भावावर फार ओढाताण झाली नाही. टोकन दिलं, आरसी बुक पाहिलं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. नंबरप्लेट आणि आरसे कधीचेच काढलेले असल्याने ती रस्त्यावरून चालवत नेणं शक्यच नव्हतं. म्हणून छोटा हत्ती बोलावला. त्रेचाळीस अश्वशक्तीची ती उनाड गाडी टेंपोत दोरखंडांनी आवळून, दोन्ही चाकं सरळ टेकवून, शहाण्यासारखी उभी राहिली. विकणारा धावत वर गेला आणि एक कापडी पिशवी घेऊन आला. तिच्यात क्लच-ब्रेकच्या जास्तीच्या कांड्या होत्या, पायठेवणीचा एक जोड होता, आणि अर्धी उरलेली साखळीच्या वंगणाची बाटली. पैसे घेईना. टेंपो निघता निघता त्याने भाच्याच्या खिडकीशी वाकून घाईघाईने सांगितलं, "डावीकडचा पिंजरा एकदा वेल्डिंग केलेला आहे. सुरुवातीला शक्यतो उजवीकडेच पाडा. आणि पहिल्यांदा पडलात की एक फोन करा."

भाच्याने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.