एवढं एक आलं की...

दाजींकडून रात्रीच्या जेवणाचं बोलावणं आलं की मी आधी कालनिर्णय बघतो. पौर्णिमेच्या आगेमागे असेल तर ते खरंच जेवायला असतं. अमावास्येच्या आगेमागे असेल तर कमरेचा पट्टा बांधून जायचं. लिफ्ट आठव्या मजल्यावर संपते, पुढे गच्चीपर्यंत बावीस पायऱ्या आहेत आणि दाजींच्या माउंटचं नुसतं डोकं सतरा किलोंचं आहे. शिवाय त्याचा तोल सांभाळायला पाच-पाच किलोंची दोन वजनं, ट्रायपॉड, बॅटरी आणि दुर्बीण. ताई स्वयंपाकघरातून ओरडते, "आधी जेवून घे रे, नंतर घास उचलणार नाही तुला."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याचे, नोकरी पुण्यात एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला. माणूस देवासारखा, पण "आता सेटअप पूर्ण झाला" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तीस वर्षांत ऐकलेलं नाही. त्यांचं वाक्य वेगळं आहे: "एवढं एक आलं ना, की झालं."

सुरुवात हॅलेच्या धूमकेतूपासून झाली. 1986 साली दाजी अकरावीत होते. पहाटे उठून घराच्या पत्र्यावर चढले, थंडीत कुडकुडले, आणि धूमकेतू काही दिसला नाही. त्या खेपेला तो पृथ्वीपासून लांबूनच गेला आणि जगभर पुष्कळांची निराशा झाली. पण दाजींचा निष्कर्ष वेगळा होता. आपल्याकडे दुर्बीण नव्हती म्हणून दिसला नाही! तो 2061 मध्ये परत येईल, तोवर तयारी असली पाहिजे. तेव्हा दाजी नव्वदी ओलांडलेले असतील, हा मुद्दा त्यांच्या हिशेबात नाही.

पहिल्या पगारात त्यांनी दहा बाय पन्नासची द्विनेत्री घेतली. ती घेऊनच ते ताईला बघायला आले होते, असं आमची आई सांगायची. ताई म्हणते तसं काही नाही, पिशवीत होती फक्त. लग्नानंतर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाणं सुरू झालं. ही संस्था 1944 पासून पुण्यात आकाशवेड्यांना सांभाळते आहे. तिथे कुणीतरी सांगितलं, "अहो, आरसा घरी घासता येतो." झालं.

त्या घासण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा. एक खाली पिंपावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. मग वरची काच पुढे-मागे घासायची, थोडी फिरवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायची. हळूहळू वरच्या काचेला खड्डा पडतो आणि खालची फुगते. खड्डा तरी किती? दाजींच्या आरशाला मध्यभागी जेमतेम सव्वा मिलिमीटर. त्या सव्वा मिलिमीटरसाठी दाजी गॅलरीत पिंपाला प्रदक्षिणा घालत होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा येऊन विचारलं, "जातं घेतलंत का हो?"

पूड टप्प्याटप्प्याने बारीक करत न्यायची. जाड पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी आरशावर चरा उमटतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्याला गॅलरी, हॉल, कपडे आणि स्वतः दाजी, सगळं धुऊन निघायचं. दाजींनी हातात केरसुणी घेतल्याची घराण्यातली ही एकमेव नोंद. शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश, आणि मग फूको नावाच्या फ्रेंच माणसाची चाचणी. ती दाढीच्या पात्याने करतात. आरशाकडून परत येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत पातं हळूच सरकवायचं आणि आरशावर पडणारी सावली वाचायची. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाएवढी चूकही तिच्यात कळते. मोरीतला दिवा बंद करून दाजी तासन् तास ती सावली वाचत बसायचे आणि बाहेर ताईच्या सासूबाई आंघोळीसाठी ताटकळत असायच्या.

पण दुर्बीण झाली! प्लायवूडची पेटी, जाड पुठ्ठ्याचा पाइप, हाताने ढकलून फिरवायची. पहिल्या रात्री शनी लावला. सासूबाईंनी डोळा लावला, कडी बघितली, दोन पावलं मागे सरकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "एवढासा आहे होय? आणि केवढा छळतो!"

माझ्या मते दाजींनी इथे थांबायला हवं होतं. पण पंचवीस मिलिमीटरच्या आयपीसने अठ्ठेचाळीस पट दिसतं म्हटल्यावर दहाचा आला. दहाने एकशेवीस पट दिसतं, पण तेवढ्यात शनी पळून जातो (पळते आपली पृथ्वी, पण वाईटपणा शनीला), म्हणून त्याच्यामागे आपोआप फिरणारा माउंट आला. माउंट आहेच, तर फोटो का काढू नये, म्हणून कॅमेरा आला. कॅमेऱ्यात तारे लांबट येतात, म्हणून माउंटवर नजर ठेवायला दुसरा छोटा कॅमेरा, आणि त्याला बसवायला दुसरी छोटी दुर्बीण. दुर्बिणीची काळजी घ्यायला दुर्बीण! मी हसलो तर दाजी गंभीरपणे म्हणाले, "कारखान्यातही इन्स्पेक्टरवर इन्स्पेक्टर असतोच की."

या सगळ्याची किंमत सांगताना दाजी एक शून्य गिळतात. परदेशातून येणारी पार्सलं माझ्या पत्त्यावर येतात, म्हणजे ताईला कळत नाही. ताईचा मला फोन येतो, "तुझ्याकडे परवा आलेलं खोकं कधी आणतोयस? दाजींना झोप नाही." ती किराण्याच्या वहीत मागच्या पानावर सगळं मांडते, गिळलेल्या शून्यांसकट.

घरात वस्तूंना स्वतःची जागा राहिलेली नाही. ताईचा हेअर ड्रायर थंडीत गच्चीवर असतो, भिंगावरचं दव वाळवायला. टॉर्चला आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद गुंडाळलेला असतो, कारण अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चपलांच्या दुकानात दाजी चपला घेत नाहीत, खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या मागून घेतात. पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते ना! एका जुलैत पुड्या संपल्या म्हणून त्यांनी दहाचा आयपीस तांदळाच्या डब्यात खुपसला आणि विसरले. ताईने कुकर लावताना वाटीभर तांदूळ काढले, त्यात तो वाटीत आला. ती काही बोलली नाही. पुसून दाजींच्या ताटात, चटणीच्या जागी वाढला.

पावसाळ्याचे चार महिने दाजी घरात घिरट्या घालतात. जूनमध्ये मृग नक्षत्र लागलं की बाकीचं गाव आनंदतं आणि दाजी आवराआवर करतात. आकाशातला खरा मृग त्यांना भेटतो तो थंडीत. मधल्या काळात ते वाचतात, आणि वाचलं की काहीतरी कमी आहे असं त्यांच्या लक्षात येतं.

गच्चीवर येणारा प्रत्येक जण विचारतो, "काका, हिच्यातून किती लांबचं दिसतं?" दाजी या प्रश्नाची वाटच बघत असतात. ते दुर्बिणीला हातही लावत नाहीत. डिसेंबरच्या रात्री नुसत्या बोटाने देवयानीतला अंधूक ठिपका दाखवतात आणि म्हणतात, "हे नुसत्या डोळ्यांनी, पंचवीस लाख प्रकाशवर्षं." मग दुर्बीण कशाला, असं कुणी विचारलं की त्यांना ऐकू येत नाही.

त्यांची खरी कसोटी लागली 21 डिसेंबर 2020 ला. गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले होते की दोघांमधलं अंतर चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढं. एकाच आयपीसमध्ये शनीची कडी आणि गुरूचे चंद्र! मास्क लावून सोसायटी गच्चीवर रांगेत उभी. दोघं नैर्ऋत्येला, आठच्या सुमारास मावळणार. दाजी दुपारपासून तयारीत. माउंट लावायचा तर त्याचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर, आणि तिथे शेजारच्या नव्या टॉवरची पाण्याची टाकी. गच्चीच्या एकाच कोपऱ्यातून टाकीच्या कडेने तो दिसतो. दाजींनी तिथे मांडामांड केली, अंधार पडायची वाट बघितली, ध्रुव अचूक साधला, घाम पुसला, दुर्बीण गुरूकडे वळवली. समोर लिफ्टच्या खोलीची भिंत.

दाजींनी भिंतीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी पट्टा आवळला. पण मागून रांग हलायला लागली होती. ताईने घरी घासलेली सहा इंची दुर्बीण कधीच वर आणून दुसऱ्या कोपऱ्यात लावली होती आणि ती एकेकाला सांगत होती, "नळीला हात लावू नका, डोळा मिटू नका, दिसलं? पुढचे." दाजी रांगेत शेवटी उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा ग्रह टेकायला आले होते. दोन मिनिटं डोळा काढला नाही. मग म्हणाले, "हिला मोटर बसवली पाहिजे."

2025 च्या मार्चमध्ये शनीची कडी पृथ्वीवरून नेमकी कडेने दिसायची वेळ आली. तेरा ते सोळा वर्षांनी येते अशी. त्यानंतरही कित्येक महिने ती रेघेएवढीच होती. ताईने दिवाळीत बघितलं आणि म्हणाली, "एवढा खर्च केलात, आणि होती ती कडीपण घालवलीत?"

आता दाजींचं म्हणणं असं की सेटअपमध्ये फक्त एकच गोष्ट कमी आहे, ती म्हणजे अंधार. पुण्याचं आभाळ रात्री भगवं-पिवळं असतं. तेव्हा भोरकडे दोन गुंठे घ्यायचे, सरकत्या छपराची खोली बांधायची, माउंट कायमचा सिमेंटच्या खांबावर. एवढं एक झालं की झालं. मी उत्साहाने हो म्हटलं, ते बावीस पायऱ्या आठवून.

एजंट भला माणूस होता. संध्याकाळी प्लॉट दाखवत म्हणाला, "पाणी आहे, रस्ता आहे, शेजार चांगला आहे."

"काळोख कसा आहे?" दाजींनी विचारलं.

एजंट ओशाळला. "आज जरा वाटतोय, साहेब. पण लायटीचं टेन्शनच घेऊ नका. पुढच्या महिन्यात ह्या कोपऱ्यावर हायमास्ट बसतोय. मंजुरी आलीय."

दाजी बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "त्याचं तोंड खाली करता येईल का?"

"कुणाचं?" एजंट म्हणाला.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला, कात्रजच्या बोगद्यापलीकडे पुण्याचा उजेड पसरला, तेव्हा दाजींनी घसा साफ केला. "एक फिल्टर निघालाय म्हणे. तेजोमेघातल्या हायड्रोजनचा आणि ऑक्सिजनचा तेवढाच उजेड आत सोडतो, बाकी सगळा अडवतो. शहरातनं फोटो येतात. तसं बघितलं तर मग प्लॉटची गरजच..."

मागच्या सीटवर ताई डोळे मिटून बसली होती. डोळे न उघडताच तिने मला विचारलं, "खोकं तुझ्याकडे कधी येतंय?"