वरती भिशी आहे का?

काडेपेटीवरचे छाप जमवणाऱ्या माणसांनी परमिट रूममध्ये का भेटावं, याचं उत्तर दारूत नाही. आमच्यातले निम्मे जण लिंबू सोड्यापुढे जात नाहीत आणि उरलेल्यांना एक बिअर संध्याकाळभर पुरते, कारण हात छापांत गुंतलेले असतात. प्रश्न जागेचा आहे. सोसायटीचा हॉल मागावा तर अर्जात ‘प्रयोजन’ नावाचा रकाना असतो, आणि ‘रिकाम्या काडेपेट्या बघणे’ हे प्रयोजन आजवर कुठल्याही सेक्रेटरीच्या गळी उतरलेलं नाही. उडुप्याकडे बसावं तर दुसऱ्या कॉफीला खुर्चीमागे कुणीतरी येऊन उभं राहतं आणि आपल्या कपात किती उरलीय ते बघतं. बागेत वारा असतो. छाप म्हणजे जेमतेम दोन बोटं रुंदीचा कागद. तो उडाला की माणसं आपलं वय विसरून झुडपात शिरतात. राहता राहिलं घर. पण घरात घरचे असतात.

घरच्यांचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. पूर्वीच्या पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, कुठेही घासल्या तरी पेटत. त्या विषारी, म्हणून १९१३च्या कायद्याने आपल्याकडे बंद झाल्या. आताच्या काडीचं निम्मं रसायन गुलात असतं आणि निम्मं, म्हणजे तांबडा फॉस्फरस, पेटीच्या कडेला असतो. संग्राहक पेटी उचलून नेतो आणि काड्या घराला ठेवतो. परिणामी आमच्या स्वयंपाकघरात बरणीभर काड्या आहेत आणि त्या ओढायला एकही कड नाही. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी नवरा ती बरणी माझ्यासमोर आणून ठेवतो. बोलत काहीच नाही. अशी बरणी आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी आहे. त्या बरणीच्या साक्षीने आणखी सात-आठ संग्राहकांना पोह्यांना बोलवायची कुणाची छाती होणार?

तेव्हा बार ठरला, आणि तो शोधायचं काम माझ्याकडे आलं. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला कुठेही शिरता येतं, तिला कुणी काही विचारत नाही, असं वाघवाल्यांचं म्हणणं पडलं. वाघवाल्यांचं आडनाव मला अजून ठाऊक नाही. आमच्यात ज्याला जो छाप प्रिय, त्यावरून त्याचं नाव पडतं आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षं भागतं. देववाल्या ताईंकडे स्वीडनमध्ये तयार होऊन आलेल्या पेट्यांवरच्या लक्ष्म्या आणि कृष्ण आहेत. रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातून घरोघरी गेलेली चित्रं पुढे काडेपेट्यांवरही उतरली, तीही त्यांच्याकडे. जहाजवाले अंबरनाथचे. १९२३ साली परदेशी भांडवलावर स्थापन झालेल्या विम्को या काडेपेटी कंपनीचा कारखाना त्यांच्या गावात होता, त्यामुळे ‘शिप’ छापाबद्दल ते घराण्याच्या अभिमानाने बोलतात. वाघवाले शिवकाशी पक्षाचे. अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघे चुलतभाऊ विसाव्या शतकाच्या विशीत कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून आले आणि त्यांनी पाऊस नसलेल्या शिवकाशीला पोटाला लावलं, ही गोष्ट ते डोळ्यांत पाणी आणून सांगतात. सांगताना ‘परदेशी भांडवल’ हा शब्द जहाजवाल्यांकडे बघून उच्चारतात. या दोघांना शेजारी बसवायचं नाही, हा आमच्या बैठकीच्या नियोजनातला पहिला नियम.

दुसरा नियम, बोभाटा नको. आम्हाला लाज वाटते असं नाही, समजावून सांगायचा कंटाळा येतो. काडेपेट्या जमवते म्हटलं की पहिला प्रश्न, “म्हणजे घरात कोण ओढतं?” दुसरा प्रश्न, “विकल्या तर किती येतील?” ही दोन्ही परवडली. तिसरं वाक्य मात्र जिव्हारी लागतं : “आमच्या बंटीनेही जमवल्या होत्या, चौथीत असताना.” शिवाय आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. भंगारवाल्याला एकदा कळलं की हे लोक पेट्यांना पैसे मोजतात, की पोत्यातल्या फाटक्या पेटीलाही तो ‘अँटिक’ म्हणायला लागतो.

आमच्या डोंबिवलीत गुपचूप काही करणं अवघड. परमिट रूमच्या पायऱ्या चढताना गणेश मंदिरातल्या रांगेतलं एकतरी माणूस पायऱ्या उतरताना भेटतंच. सुदैवाने अशा वेळी दोघांनीही एकमेकांना न ओळखण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे.

मी जागा बघायला भर दुपारी गेले. खाली रेस्टॉरंट, वर एसी फॅमिली रूम, जिना बाजूच्या बोळातून. एसी म्हणजे पंखा नाही आणि पंखा नाही म्हणजे छाप उडणार नाहीत, इथपर्यंत सगळं जमलं. अडलं उजेडावर. छापाच्या जगात तांबडा वाघ आणि केशरी वाघ ही दोन वेगळी घराणी आहेत, आणि त्या खोलीत माझी हिरवी साडीसुद्धा तपकिरी दिसत होती. वेटरला म्हटलं, बाबा रे, सगळे दिवे लावता येतील का? तो म्हणाला, “काकू, इथे लोक दिवे कमी करायला सांगतात.” तरी त्याने लावले. कोपऱ्यात बसलेले दोन गृहस्थ दचकून एकदम सरळ झाले आणि बिल मागवून निघून गेले. शेवटी तोडगा निघाला तो असा, की आमच्या टेबलावरची ट्यूब तेवढी पेटवायची आणि बाकीच्यांचा अंधार अबाधित ठेवायचा.

मॅनेजरने विचारलं, बुकिंग कोणत्या नावाने? ‘काडेपेट्या’ म्हटलं असतं तर त्याने आधी अग्निशमन दलाला फोन केला असता. मी म्हटलं, भिशी. भिशीला महाराष्ट्रात कुणी का म्हणून विचारत नाही. शिवाय दिसायलाही ते शोभतं. आमची माणसं टेबलाखालून एकमेकांना पाकिटं देतात, पाकिटात डोकावून मान हलवतात, एखादा तोंड पाडून पाकीट परत करतो. एकदा शेजारच्या टेबलावरचे एक सद्गृहस्थ बराच वेळ बघत होते. अखेर उठून आले आणि अदबीने विचारते झाले, “महिना किती पडतो? एक नंबर मिळेल का?” जागा भरल्या म्हणून सांगितलं.

वार ठरवायलाही फार डोकं चालवावं लागत नाही. सोमवारी उपास, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. रविवारी घरी मटण आणि नातेवाईक. शुक्रवारी बारमध्ये ऑफिसवाल्यांची झुंबड. उरला बुधवार. श्रावणात देववाल्या ताई येतात, पण काही खात नाहीत आणि खाणाऱ्यांकडे बघतात. आषाढी एकादशीला ड्राय डे, तेव्हा ती बुधवारी आली की तो बुधवार आपोआप बाद.

खरी कसोटी नवीन माणसाची. जागा अशी लपलेली हवी की ओळखीच्यांना सापडू नये, आणि अशी उघड हवी की बिचकत येणाऱ्या नवख्याला चटकन सापडावी. सुरुवातीला आम्ही ठरवलं, टेबलावर एक काडेपेटी उभी करून ठेवायची. खूण म्हणून झकास. पण २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, त्यामुळे ती पेटी नवख्याच्या आधी वेटरला दिसायची. “साहेब, सिगारेट खाली, बाहेर.” जन्मात विडीला हात न लावलेल्या वाघवाल्यांना हे ऐकून घ्यावं लागायचं, आणि मग ते निर्व्यसनीपणावर बोलायचे, समोर ग्लास ठेवून.

मग खूण बदलली. काउंटरवर येऊन विचारायचं, “वरती भिशी आहे का?” एका बुधवारी पोस्टात काम करणारा एक लाजाळू मुलगा येणार होता. तो आला, त्याने विचारलं, आणि काउंटरवाल्याने त्याला खालच्या मजल्यावरच्या खऱ्याखुऱ्या भिशीत नेऊन बसवलं. प्रत्येक बाईला वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा तरी भाचा. त्यांनी त्याला कटलेट दिलं, आईस्क्रीम दिलं, लग्नाचं विचारलं. त्याला वाटलं, काडेपेटीवाले फारच अगत्यशील लोक आहेत, छापांचा विषय बहुधा जेवणानंतर निघत असेल. चिठ्ठ्या काढायला पुढे बोलावलं तेव्हा कुठे त्याने खिशातून आपली पेटी काढून दाखवली. त्या बायकांनीच त्याला वर आणून सोडलं आणि आम्हाला बजावलं, “याला नीट जेवायला घाला.” आता आमच्यातलं कुणीतरी जिन्याच्या तोंडाशी थांबतं. खुणा, परवलीचे शब्द सगळं ठीक आहे. नवख्या माणसाला जिन्यात हसून “या” म्हणणारं माणूस लागतं.

टेबलाची मांडणी मात्र आम्ही अगदी शास्त्रशुद्ध केली आहे. भिंतीकडची सुकी बाजू आणि जिन्याकडची ओली बाजू. सुक्या बाजूला अल्बम, भिंग, चिमटा. ओल्या बाजूला ग्लास, शेंगदाणे आणि मसाला पापड. मसाला पापडाइतका छापांचा वैरी दुसरा नाही; त्याच्यावरच्या टोमॅटोला एका जागी राहण्याची सवयच नाही. ही सीमा एकदाच ओलांडली गेली आणि ती जहाजवाल्यांनी, तेही जाणूनबुजून. पोस्टातल्या मुलाने आणलेली पेटी जुनी होती, लाकडी पापुद्र्याची, वर डिंकाने चिकटवलेला छाप. असा छाप कोमट पाण्यात सोडवायचा असतो. जेवण झालं, वेटरने फिंगर बाउल आणून ठेवले. जहाजवाल्यांनी एकात करंगळी बुडवून ऊब पाहिली, लिंबाची फोड अलगद उचलून बशीत ठेवली, कारण आंबटाने रंग उतरतो, आणि पेटी पाण्यात सोडली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. हळूहळू एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि छोटासा निळा हत्ती लाकूड सोडून पाण्यावर तरंगायला लागला. वाघवाल्यांनी टिशू पेपर पुढे केला. शिवकाशीने अंबरनाथला केलेली आमच्या माहितीतली ही पहिली मदत. मागे उभा असलेला वेटर म्हणाला, “हात धुवायला दुसरं पाणी आणू का?”

नवीन माणसासाठी बाकीचे नियम साधे आहेत. तुमच्याकडे किती आहेत, हे विचारायचं नाही. कुणाच्याही पेटीला ‘ही तर कॉमन आहे’ म्हणायचं नाही, असली तरी. पहिल्या भेटीत अदलाबदल नाही. उत्साहाच्या भरात माणूस आजोबांची पेटी देऊन टाकतो आणि रात्री झोपत नाही. काय प्यायचं यावर शेरा नाही. पंचविशीच्या आतल्यांनी बिअरच्या पुढे जाऊ नये असा राज्याचा कायदा आहे, आणि पोस्टातल्या मुलाला तर त्या बायकांनी ताकावर ठेवलंय. बिलाचा वाद होत नाही, कारण खाण्याचं जीएसटीवालं बिल वेगळं येतं आणि दारूचं व्हॅटवालं वेगळं. लिंबू सोडेवाले पहिलं उचलतात, बाकी टीटीएमएम.

माझ्या मते असल्या मंडळांचा जीव फार मोठा होण्यानेच जातो. एखादा हौशी माणूस म्हणतो, आपण प्रदर्शन भरवू, पेपरात देऊ, नगरसेवकाला बोलावू. मग सत्कार येतो, शाल येते, अध्यक्ष कोण यावरून दोन तट पडतात आणि छाप बघायचे राहूनच जातात. आठ-दहा माणसं, एक ट्यूबलाइट, एक बुधवार, एवढ्यात आमचं भागतं.

आता तुमच्यासाठी. १ डिसेंबर २०२१ला काडेपेटी एक रुपयाची दोन रुपयांची झाली, तेव्हापासून एक रुपया छापलेल्या पेट्याही दुर्मीळ होत चालल्या आहेत. देवघराच्या खणात, गावच्या घरी चुलीशेजारच्या कोनाड्यात, बंद पडलेल्या स्टोव्हच्या खोक्यात एखादी निघाली तर केरात टाकू नका. स्वतः भिजवून छाप काढायलाही जाऊ नका, पेटी आहे तशीच आणा. पत्ता छापत नाही, समजून घ्या. स्टेशनजवळ, बाजूच्या बोळातला जिना. बुधवारी सहानंतर तिथे कुणीतरी उभं असतं.