जिल्ह्यांची यादी दुरुस्त करणेबाबत

एक्सेलच्या तक्त्यातील ड्रॉपडाउन यादी हे कारभारातील शिस्तीचे शेवटचे ठाणे आहे. बाकी सगळीकडे माणसे मनाला येईल ते लिहितात. जिल्ह्याच्या रकान्यात कोणी 'पुणे' लिहितो, कोणी 'जि. पुणे', कोणी 'पुणे-३०', आणि एखादा भाबडा जीव आपल्या वाडीचे नाव लिहून मोकळा होतो. म्हणून कधीतरी एका द्रष्ट्या कर्मचाऱ्याने तेथे यादी घातली. पुढे त्याची बदली झाली आणि आता ती यादी दुरुस्त करण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. यात अभिनंदन करण्यासारखे काही नाही.

प्रथम यादीचा ठावठिकाणा शोधावा. बाण दिसणारा सेल निवडून 'डेटा'मधील 'डेटा व्हॅलिडेशन' उघडावे व 'सोर्स'च्या चौकटीत डोकावावे. ते बटणच फिकट दिसत असेल तर शीटला कुलूप आहे, किंवा तुम्ही नकळत एकदम दोन-तीन शीट निवडून बसला आहात. कुलूप असल्यास पासवर्ड लागतो आणि तो बदलून गेलेल्या माणसाकडे असतो. त्याला फोन केल्यावर आधी प्रकृतीची, मग नव्या क्वार्टरमधील पाण्याची चौकशी करावी. थेट पासवर्ड विचारणे बरे दिसत नाही.

चौकटीत नावे स्वल्पविराम देऊन सरळ लिहिलेली आढळली, तर हात आवरावा. तुम्हाला मधली एक वेलांटी सुधारायची असते, तुम्ही बाणाची कळ दाबून तिच्याकडे निघता, आणि यादीच्या पोटात भलत्याच सेलचा पत्ता उमटतो. बाण दाबला की तुम्ही तक्त्यातील सेल दाखवत आहात, अशी त्या चौकटीची ठाम समजूत आहे. आधी एफ-टू दाबावे, मग बाण. ज्यांना हे ठाऊक असते ते सहसा कोणाला सांगत नाहीत. कार्यालयात वजन राहते.

खरा पेच पुढेच आहे. या चौकटीत २५५ अक्षरेच मावतात. स्वल्पविराम त्यातच आले, आणि देवनागरीतील प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार व पाय मोडल्याची खूणसुद्धा सुटी मोजली जाते. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांची आजची नावे पावणेतीनशेच्या घरात जातात. रिवाजाप्रमाणे मुंबई शहरापासून निघून कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड असे पूर्वेकडे सरकत गेलात तर भंडाऱ्यापाशी जागा संपते. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली बाहेर. दांडेकर समितीला विभागीय अनुशेष मोजून १९८४ साली जाडजूड अहवाल द्यावा लागला होता. येथे एका चौकटीत काम भागते. उलट, गडचिरोलीपासून सुरुवात केली तर मुंबई बाहेर पडते. तो प्रस्ताव तोंडी मांडून पाहण्यास हरकत नाही.

सबब यादी चौकटीतून उचलून वेगळ्या शीटवर एकाखाली एक मांडावी आणि सोर्समध्ये तिचा पत्ता द्यावा. पत्त्यात डॉलरची चिन्हे घालण्यास विसरू नये. ती नसतील तर यादी ओळीगणिक एकेक घर खाली सरकते. पहिल्या अर्जदाराला ३६ जिल्हे दिसतात, दुसऱ्याला ३५, आणि छत्तिसाव्याला गडचिरोलीशिवाय पर्याय उरत नाही. सरकारी नोकरीत तिकडे पाठवण्यासाठी निदान आदेश तरी काढावा लागतो.

नवा जिल्हा झाल्यास (२०१४ साली पालघर झाला, त्यामुळे ही शक्यता हसण्यावारी नेऊ नये) त्याचे नाव यादीच्या तळाशी लिहून स्वस्थ बसू नये. पंगत वाढून झाल्यावर ओसरीवर येऊन उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी त्या नावाची गत होते: सगळ्यांना दिसते, पण त्याला पान कोणी मांडत नाही. मध्ये ओळ घालून नाव तेथे शिरवले तर पत्ता आपोआप लांबतो. त्याहून बरे म्हणजे यादीचे कंट्रोल-टी दाबून टेबल करावे. मग तळाचे नावही सामावले जाते.

नामांतराचे प्रकरण नाजूक आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. यादीतील तीन सेल बदलले की झाले, असे वाटते. परंतु यादी फक्त पुढे येणाऱ्याला अडवते. आधी भरून गेलेल्यांकडे ती वळूनही पाहत नाही. जुन्या ओळींत जुनी नावे तशीच राहतात आणि वर्षअखेरच्या गोषवाऱ्यात महाराष्ट्राचे ३९ जिल्हे होतात. जिल्हे वाढवण्याची मागणी जुनीच आहे. ती अशी परस्पर मान्य होणे मात्र वित्त विभागाला रुचणार नाही. तेव्हा जिल्ह्याचा रकाना निवडून कंट्रोल-एचने नावे बदलून घ्यावीत. रकाना निवडल्याशिवाय हे करू नये. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, आणि तेथे जन्मलेल्या अर्जदाराचे जन्मस्थान तुम्ही एका फटक्यात मराठवाड्यात आणाल.

एवढे करून 'एरर अलर्ट'मध्ये 'स्टॉप' ठेवावे. 'वॉर्निंग' ठेवल्यास तक्ता 'पुढे जायचे का?' असे विचारतो, आणि असे विचारल्यावर 'नाही' म्हणणारा माणूस अजून नोकरीला लागायचा आहे.

मात्र हा सारा बंदोबस्त टंकलेखन करणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या फाइलमधून कॉपी करून चिकटवणाऱ्याला तक्ता काहीही विचारत नाही. उलट चिकटवलेला सेल तुमचा नियमच पुसून टाकतो आणि बाणही नाहीसा होतो. तालुक्यातून आलेली माहिती नेहमी चिकटवलेलीच असते. उपाय म्हणून त्या रकान्याला नियम पुन्हा लावून 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' दाबावे. चुकीच्या नोंदींभोवती लाल वर्तुळे उमटतात, साहेबांना दाखवायला छान दिसतात, आणि फाइल सेव्ह केली की नाहीशी होतात. आधी दाखवावे, मग सेव्ह करावे.

यादीच्या तळाशी 'इतर' ठेवायचे की नाही, याबाबत मतभेद आहेत. ३६ जिल्ह्यांच्या राज्यात सदतिसावी जागा कोणती, हा प्रश्न रास्त असला तरी 'इतर' काढल्यास पहिल्याच दिवशी फोन सुरू होतात. ठेवल्यास फोन येत नाहीत; महिनाअखेरीस सर्वाधिक अर्ज 'इतर' जिल्ह्यातून आलेले दिसतात आणि त्या जिल्ह्याची आढावा बैठक कोठे घ्यायची, अशी विचारणा वरून होते. उत्तरात 'व्हीसीद्वारे' असे कळवावे.