सगळेच उत्तेजनार्थ

तालुक्यातले सगळे कवी यशस्वी झाले. एकही शिल्लक राहिला नाही.

अतिशयोक्ती वाटते? मग कुठल्याही साहित्य समूहाचं व्हॉट्सअॅप उघडा. सकाळी सातला घोषणा : आजचा विषय 'पाऊस', काव्यप्रकार अष्टाक्षरी. रात्री दहाला निकाल : सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, तृतीय, लक्षवेधी, उत्तेजनार्थ. एखाद्याने हरायचं ठरवलं तरी त्याला जागा नाही.

सर्वोत्कृष्ट वर की प्रथम वर, हे परीक्षकांनाही सांगता येत नाही. परीक्षक कोण? कालचे सर्वोत्कृष्ट.

मागोमाग सन्मानपत्र येतं. सोनेरी वेलबुट्टी, कोपऱ्यात मोरपीस, मधोमध दौत-लेखणी. 'श्री./सौ./कु.' तिन्ही जसेच्या तसे. नको ते खोडायला कुणाला वेळ आहे? नावात एक वेलांटी चुकलेली. खाली संस्थापक, अध्यक्ष, सचिव आणि मुख्य प्रशासक यांच्या चार सह्या. कविता आठ ओळींची. म्हणजे दर दोन ओळींमागे एक जबाबदार माणूस.

तरीही वृत्त चुकतंच.

हे झालं रोजचं यश. वार्षिक यशाला 'राज्यस्तरीय' म्हणतात. पुस्तकाच्या दोन प्रती पाठवा, सोबत प्रवेशमूल्य. प्रती परत मिळणार नाहीत, परीक्षकांचा निर्णय अंतिम. महिनाभराने फोन : 'अभिनंदन! आपल्या संग्रहाची निवड झाली आहे. प्रवासखर्च मात्र आपला.' शाल, श्रीफळ, अॅक्रिलिकचं स्मृतिचिन्ह. हिशेब मांडला तर नारळ चांगलाच महाग पडतो.

पण हिशेब मांडला तर कवी कसला?

ज्यांचा स्वतंत्र संग्रह नाही, त्यांच्यासाठी प्रातिनिधिक काव्यसंग्रह. सहभाग शुल्क भरा, दोन पानं घ्या. फोटो पासपोर्ट साइझचा, परिचय पानभर, कविता उरलेल्या जागेत. मिळालेल्या प्रती दिवाणखान्यात, दाराकडे तोंड करून. आपलं पान सोडून दुसऱ्याचं पान कुणी उघडलंय? उघडलं असेल, तर आपल्यापेक्षा त्याचा फोटो मोठा आहे का, ते पाहायला.

मग कविसंमेलन. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, सत्काराला उत्तर. कवितेला प्रत्येकी दोन मिनिटं. त्यातलं दीड मिनिट 'ही कविता मला कशी सुचली' यात जातं. वाचून झालेला कवी पुढच्याला दाद देतो आणि दाद देत देत दाराकडे सरकतो. त्याला एसटी गाठायची असते. शेवटच्या कवीपुढे उरतात दोघे, अध्यक्ष आणि माईकवाला. अध्यक्षांचा डोळा लागलेला असतो.

सगळ्या कविता ऐकणारा माणूस एकच, आणि तो त्याचे पैसे घेतो.

कवींनी कवींसाठी जमू नये का? जरूर जमावं. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ असंच जमलं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश. चहा होता, एकमेकांच्या कविता ऐकणं होतं, काव्यगायनाने सभागृहं भरवणंही होतं. फरक एवढाच, की त्याच गावात आचार्य अत्रे होते. 'केशवकुमार' नावाने त्यांनी विडंबनांची 'झेंडूची फुले' उधळली आणि मंडळातल्या कवींच्या लाडक्या लकबी चव्हाट्यावर मांडल्या. आज प्रत्येक समूहात 'वाह!' म्हणणारे शेकड्यांनी आहेत.

झेंडू फक्त हारात उरलाय.

'साभार परत' हा तर नामशेष होत चाललेला साहित्यप्रकार. 'सत्यकथा'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत. या कडक सोवळ्याचा राग येऊन १९६९ साली लघुअनियतकालिकवाल्या तरुणांनी 'सत्यकथा'चा अंक जाळला. संपादक हट्टी होते आणि बंडखोरही हट्टी होते. भांडायला दोन्हीकडे माणसं होती. आता कुणी काही जाळत नाही.

लॅमिनेट करतात.

त्याआधीचंही ऐका. १८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी सडेतोड पत्र पाठवून नाकारलं. आज निमंत्रण नाकारणारा लेखक सापडला, तर त्या बाणेदारपणाबद्दल त्याचा सत्कार ठेवतील.

आणि तो जाईल.

या गर्दीत कधीतरी अस्सल यशही येतं. गटातल्या एखाद्या बाईंची कथा नावाजलेल्या दिवाळी अंकात छापून येते. तीनदा परत आलेली, दोनदा नव्याने लिहिलेली. ना प्रवेशमूल्य, ना ओळखपाळख. त्या संकोचत समूहावर एक ओळ टाकतात. लगेच पुष्पगुच्छांची रांग. बरोबर तेवढीच, जेवढी काल अष्टाक्षरीतल्या लक्षवेधी क्रमांकाला होती. तिथेच एक दादा विचारतात, 'छान! सन्मानपत्र मिळालं का?'

कथा वाचली का, असं एकानेही विचारलेलं नसतं. अंक विकत घ्यावा लागतो ना!

म्हणून तमाम संस्थापक-अध्यक्षांना एक सूचना. यंदा एक पुरस्कार वाढवा : राज्यस्तरीय उत्कृष्ट वाचक. प्रवेशमूल्य माफ. अट एकच, गटातल्या दुसऱ्या कवीचा संग्रह स्वतःच्या पैशाने घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचलेला असावा. पुरावा म्हणून त्यातली न आवडलेली एक कविता सांगावी, कवीच्या तोंडावर.

स्मृतिचिन्ह बनवायला टाकू नका. खर्च वाचेल.