मालिकांचे पंचांगकर्ते

पंचांगकर्ता गर्दीत ओळखू येत नाही. तो बँकेत असतो, आयटीत असतो, क्वचित कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याला हुडकायचा उपाय एकच. चारचौघांत एखाद्या परदेशी मालिकेचा विषय काढावा आणि बोलता बोलता सहज म्हणावं, ‘मग दुसऱ्या दिवशी ती राणी येते.’ चौघांपैकी तिघं मिसळ खात राहतात. चौथा पाव खाली ठेवतो आणि विचारतो, “दुसऱ्या दिवशी? कशावरून?”

झालं. आता मिसळ गार होणार.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सातव्या हंगामाचा सहावा भाग हे या जमातीचं पानिपत. उत्तरेच्या बर्फात काही वीर एका गोठलेल्या तळ्याच्या मधोमध, मेलेल्यांच्या फौजेच्या वेढ्यात सापडतात. त्यांतला एक जण पळत सुटून भिंतीवरचा किल्ला गाठतो, तिथून डोमकावळ्याकरवी दूर दक्षिणेतल्या बेटावर चिठ्ठी जाते, आणि राणी ड्रॅगन घेऊन मदतीला हजर. पडद्यावर हे सगळं एका रात्रीत उरकल्यासारखं वाटतं. ड्रॅगन कुणालाच खटकत नाहीत. मेलेले चालतात, तेही चालतं. पंचांगकर्त्याला खटकतो तो डोमकावळ्याचा वेग. बर्फाची भिंत तीनशे मैल लांब आहे असं मूळ कादंबऱ्यांत म्हटलंय. त्यावरून नकाशाला फूटपट्टी लावायची, अंतर काढायचं, पक्ष्याच्या ताशी वेगाने भागायचं, वाऱ्याची वजावट धरायची, आणि ते वीर तळ्यावर किती रात्री कुडकुडत बसले ते सांगायचं. असले हिशेब जगभर झाले. शेवटी त्या भागाचे दिग्दर्शक ॲलन टेलर यांना मुलाखतीत मान्य करावं लागलं की काळाचं गणित जरा धूसर होतंय याची आम्हाला कल्पना होती. पंचांगकर्त्याच्या लेखी हा कबुलीजबाब. तो त्याला तोंडपाठ असतो.

मला विचाराल तर गणित पक्ष्यापाशीच फसलं. आपला कावळा दहाव्याला चार हातांवर ठेवलेल्या पिंडाला शिवायला दोन तास लावतो, आणि तेवढ्यात घरच्यांकडून नाही नाही ती वचनं वदवून घेतो. तो रात्रीबेरात्री चिठ्ठी घेऊन समुद्रातल्या बेटावर जाईल, हे मराठी माणसाच्या गळी उतरणं अवघडच.

हे खूळ विलायतेहून आलं असं मात्र समजू नये. विषय विलायती असेल, खोड अस्सल इथली. मृग नक्षत्राच्या आधाराने वेदांचा काळ मागे नेणारं ‘ओरायन’ टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलं. पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांनी ‘स्वयंभू’कार म्हणून नाव कमावलं ते भारतीय युद्धाला ख्रिस्तपूर्व ५५६१ च्या १६ ऑक्टोबरला तोंड लागलं, असं थेट तारखेनिशी सांगून. तारीख मान्य असो वा नसो, ती ऐकून ‘हॅ!’ म्हणणारा मराठी माणूस पुढच्या मिनिटाला स्वतःची तारीख काढून दाखवतो. अशा आजोबांच्या नातवाने ड्रॅगनच्या उड्डाणाचा मुहूर्त काढला तर नवल कसलं?

आणि एकाच गोष्टीची दोन प्रमाणं मानायची सवय तर आपल्याला केव्हाचीच आहे. दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांच्या अयनांशांत जवळजवळ चार अंशांचा फरक. त्यामुळे एखाद्या वर्षी दोघांचा अधिक महिना जुळत नाही, आणि कोकणात टिळक पंचांगवाल्यांचे गणपती शेजाऱ्यांपेक्षा महिनाभर आधी येऊन जातात. शेजारी मोदक खाऊन जातात, पण आपला गणपती एका दिवसानेही हलवत नाहीत. पुस्तक प्रमाण की मालिका प्रमाण, हा पंचांगकर्त्यांमधला वाद याच जातीचा आहे. फक्त त्यात मोदक नसतात, म्हणून तो जास्त कडू होतो.

यातला सगळ्यात जुनाजाणता तंटा बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’चा. ही मालिका १९६३ साली सुरू झाली. तिच्यात पृथ्वीच्या रक्षणासाठी युनिट नावाची एक लष्करी तुकडी असते. १९७५ सालच्या एका कथेत डॉक्टरची सोबतीण सांगते की ती १९८० सालातून आलेली आहे, म्हणजे युनिटचे पराक्रम साधारण त्या सुमाराला घडले. पुढे १९८३ सालच्या कथेत असं निघतं की युनिटचा ब्रिगेडियर १९७६ मध्येच निवृत्त होऊन एका शाळेत शिकवायला लागला होता. निवृत्तीनंतर माणसं सल्ला देतात हे आपण पाहतो, पण हा गृहस्थ लढाया मारत होता. यावर तीस वर्षं वाद झाल्यावर २०१३ च्या सुवर्णमहोत्सवी भागात लेखकाने एका पात्राच्या तोंडी घातलं की ते प्रकरण सत्तरच्या दशकातलं किंवा ऐंशीच्या, तुम्ही कुठली कालगणना धरता त्यावर आहे. हे वाक्य लिहिणाऱ्याला रत्नागिरीत कुणीही जावई करून घेतला असता.

काळाचा हिशेब ठेवणाराच, गोष्ट वेळेआधी फुटू नये म्हणून, काळाची राखणही करतो. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला लागणारा ‘थ्रोन्स’चा भाग आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला यायचा. जन्मात कधी काकड आरतीला न उठलेली पोरं २०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांतल्या सहा सोमवारी दात घासून टीव्हीसमोर बसली होती. ज्यांना जाग आली नाही त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. ते दिवसभर फोन बंद ठेवत, लिफ्टमध्ये चार माणसं असतील तर जिन्याने जात, आणि डबा एकटेच खात. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या हंगामाचा चौथा भाग प्रसारणाआधीच फुटला आणि मुंबईत चौघांना अटक झाली, तेव्हा पेपरफुटीला सरावलेल्या महाराष्ट्राने ती बातमी वाचून पान उलटलं. पंचांगकर्त्याने मात्र कात्रण ठेवलं. पोलिसांनी कुठलीही कलमं लावली असती तरी त्याला ती अपुरीच वाटली असती.

पण पंचांगकर्त्याइतके स्पॉयलर दुसरं कुणी देत नाही. तो ते ‘न सांगण्याच्या’ रूपात देतो. “मी काही बोलत नाही, फक्त त्या माणसावर फार जीव लावू नकोस.” “नववा भाग आलाय का तुझा? बरं. एकटा बघू नकोस. बाकी मी काही बोललो नाही.” शेवटी धक्का आहे म्हटलं की आपण दर पात्राकडे संशयाने बघतो. धक्का नाही म्हटलं की बघतच नाही. त्याने काहीच म्हटलं नाही, नुसतं आपल्याकडे बघून हळूच स्मित केलं, तर तो सगळ्यात मोठा स्पॉयलर.

या जमातीत वरची पायरी होती पुस्तकवाल्यांची. मालिका २०११ साली सुरू झाली, तेव्हा जॉर्ज मार्टिन यांची कादंबरी वाचून बसलेल्यांना पंधरा वर्षं आधीपासून सगळं ठाऊक होतं. नेड स्टार्कचं पुढे काय होतं हे विचारलं की ते नुसते ‘हं’ म्हणत. त्या ‘हं’मध्ये इतका माज असे, की त्यापेक्षा सरळ सांगून टाकलेलं बरं. २०१३ मध्ये ‘रेड वेडिंग’चा भाग आला तेव्हा तर त्यांनी भाग पाहिलाच नाही, भाग पाहणाऱ्या मित्रांचे चेहरे पाहिले. गुपित २००० साली छापून आलेलं, तरी मित्रांपासून जपलेलं. आणि मग दैवाने दान उलटं टाकलं. मार्टिन यांची पुढची कादंबरी काही येईना, आणि २०१६ च्या सहाव्या हंगामात मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. कालचे सर्वज्ञ आज तुमच्याआमच्यासारखे कानांत बोळे घालून फिरू लागले. ज्यांच्या तोंडून पाच वर्षं ‘हं’ ऐकलं, त्यांना त्या मे महिन्यात रडवेल्या आवाजात ‘प्लीज, मी अजून बघितला नाही’ म्हणताना ऐकणं, हा मालिकेतल्या कुठल्याही सूडापेक्षा गोड सूड होता.

माझ्या माहितीतल्या एका पंचांगकर्त्याच्या आईंना मात्र यातलं काही कळत नाही. कळत नाही म्हणजे, गोष्ट आधी कळली तर बिघडतं काय, हे कळत नाही. त्यांनी जन्मभर कीर्तनं ऐकली. सीतेला कोण नेणार हे पूर्वरंगापासून ठाऊक असूनही त्यांचे डोळे वेळच्या वेळी भरून आले. चिरंजीव ‘रेड वेडिंग’ लावून बसले तेव्हा लग्नाचा भाग म्हणून त्याही येऊन बसल्या. पाहुण्यांना आधी यजमानाच्या घरची भाकर आणि मीठ देतात, आणि ते खाल्लेल्या पाहुण्याच्या केसालाही धक्का लावायचा नसतो, हा त्या जगाचा कायदा चिरंजीवांना तळटीपा वाचून समजलेला. पुढे जे व्हायचं ते झाल्यावर आई उठल्या आणि म्हणाल्या, “मिठाला जागले नाहीत मेले.” चिरंजीव बराच वेळ गप्प होते.

आईंच्या स्वतःच्या मालिका रात्रीच्या. एका मराठी मालिकेने २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांवर भाग गाठलेले त्यांनी पाहिलेत, त्यामुळे आठ हंगाम म्हणजे काय, याचं त्यांना अप्रूप नाही. एका सुट्टीत चिरंजीवांनी हौसेने आईंच्या चालू मालिकेचा काळ मांडायला घेतला. तिच्यात एक रात्र दहा दिवस चालते. नायिका जिन्यावरून पडायला सोमवारी सुरुवात करते आणि शुक्रवारी पोचते. पण दिवाळी मात्र बाहेरच्या दिवाळीच्याच आठवड्यात येते, संक्रांत संक्रांतीला. हिशेब केला तर त्या घरात गणपती आणि दिवाळी यांत जेमतेम नऊ दिवसांचं अंतर पडत होतं आणि नायिकेला मात्र दिवस राहून दोन गणपती उलटले होते. त्यांनी वही आईंपुढे धरली.

“मग? दिवाळी नको का करायला त्यांनी?” आई म्हणाल्या. “आणि तिचं म्हणशील तर येत्या रविवारच्या महाएपिसोडला सुटते आहे ती. प्रोमोत दाखवलंय. पण ते मूल सासू बदलून—”

“आई, सांगू नकोस!”

“अरे, पण तू तर बघत नाहीस ना?”