मा. संचालक, डझिाईन संस्था यांस

दासगाव फाटा, ता. महाड, जि. रायगड येथून

महोदय,



पत्रास कारण की, आपल्या संस्थेचा दहा बाय सहाचा फ्लेक्स गेला महिनाभर आमच्या फाट्यावरच्या निवारा शेडच्या भिंतीवर लागला आहे. त्यावर स्वेटर घातलेली एक गोरी मुलगी लॅपटॉपकडे बघून हसते आहे. मे महिन्यात दासगावात स्वेटर घालून हसणं सोपं नाही, तेव्हा तिचं कौतुकच. तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत आपण छापलं आहे : ‘आपल्या पाल्याचे भविष्य डझिाईन करा’. मी मान तिरकी करून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. ‘डझिाईन’च आहे. ‘ड’ची वेलांटी त्याला सोडून पुढच्या घरी नांदायला गेली आहे. पत्ता चुकायला नको म्हणून वर आपला उल्लेख आपल्याच शुद्धलेखनाप्रमाणे केला आहे. राग नसावा.

ही वेलांटी कशी पळाली, ते मला आमच्या पुतणीनं सांगितलं. मॅटर एका फॉन्टात टाइप करायचं, दुसऱ्यात न्यायचं, मधल्या सॉफ्टवेअरला मराठी कळत नाही, मग वेलांटी एक घर सरकते, जोडाक्षराचे पाय मोडतात. प्रूफ कुणी वाचलं नाही की ते तसंच भिंतीवर चढतं. पोरगी म्हणाली, “काका, ही चूक पहिल्या दिवशी सगळ्यांकडून होते.” मी म्हटलं, पहिल्या दिवशी होते हे ठीक, पण हे लोक तर चार वर्षांचा कोर्स विकतायत.

माझी ओळख द्यायची राहिली. मी पेंटर. चित्रकार नव्हे, पाट्या रंगवणारा. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, होड्यांची नावं, निवडणुकीच्या भिंती, वीस मार्चला चवदार तळ्यावर जाणाऱ्या मंडळांचे कापडी फलक, हे सगळं या हातानं लिहिलं. पुढे फ्लेक्स आला आणि आमचा धंदा महाडच्या पुरासारखा नाही, ओहोटीसारखा गेला. आवाज न करता. तेव्हा या पत्रात कुठे जळका वास आला तर तो टर्पेंटाइनचा आहे असं समजून पुढे वाचावं.

आता मूळ मुद्दा. पुतणी बारावी झाली. वाणिज्य शाखा. तिला ग्राफिक डिझाईन शिकायचं आहे आणि कुठे शिकायचं हा प्रश्न आमच्या घरात दोन महिने जेवणाच्या ताटावर वाढला जातो आहे. पारावरचं सल्लागार मंडळ एकमतानं म्हणतं की चित्रकला हा ज्यांना गणित येत नाही त्यांचा विषय आहे, त्यापेक्षा एमआयडीसीत चिकटेल असं काहीतरी करावं. आमचे बंधू स्वतः एमआयडीसीतच आहेत, त्यामुळे ते या सल्ल्यावर गप्प बसतात.

तिला हे खूळ कुठून लागलं? सुट्टीत महाडला एका फ्लेक्सच्या दुकानात ती कोरल ड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करत बसायची. वाढदिवसाचे बोर्ड. मधोमध भावी नगरसेवक, खाली शुभेच्छुकांचे सत्तावीस चेहरे. प्रत्येक चेहरा मोबाइलवरून आलेला, कुणी लग्नात, कुणी होडीत, कुणी आधार कार्डावरचा. ते सगळे कापून, एकसारखे उजळून, गोलात बसवायला तिला वीस मिनिटं लागत. एकदा घरी येऊन म्हणाली, “काका, चेहरे कापता येतात मला. अक्षर बसवता येत नाही. ते शिकायचंय.” महोदय, मी तीस वर्षांत कुणाच्या तोंडून इतकं शहाणं वाक्य ऐकलेलं नाही. म्हणून तिचा मोबाइल नंबर आपल्या फ्लेक्सवरच्या क्यूआर कोडातून उघडलेल्या फॉर्मात मीच टाकला. चूक माझीच.

त्यानंतर आपल्या काउन्सेलर मॅडमचे अकरा फोन आले. पहिल्या फोनवर त्यांनी टक्के विचारले. दुसऱ्या फोनवर ती ‘सिलेक्ट’ झाली. तिनं काढलेली एक रेघही तोवर कुणी पाहिली नव्हती. तिसऱ्या फोनवर तिला स्कॉलरशिप मिळाली, म्हणजे जी फी मुळात कुणी सांगितलीच नव्हती ती थोडी कमी झाली. चौथ्या फोनला ‘सीट ब्लॉक करा, दोनच उरल्यात’. अकराव्या फोनपर्यंत त्या दोनच होत्या. मध्ये एकदा मॅडम म्हणाल्या, “तुमचं गाव जरा रिमोट आहे ना, एक्स्पोजर मिळायला पाहिजे तिला.” तेव्हा बोललो नाही, इथे लिहितो : १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेला जाताना बाबासाहेब आंबेडकर बोटीनं याच दासगावच्या बंदरात उतरले होते. आता बंदर गेलं, हायवे वर्षानुवर्षं रुंद होत राहिला, पण नकाशावर आम्ही आहोत.

तरी आम्ही आपल्या संस्थेत आलो. बंधू, पुतणी आणि मी. काचेची इमारत, आत गारवा, भिंतीवर इंग्रजीत प्रेरणादायी वाक्यं, बसायला बीन बॅग. त्यात बंधू बसले ते उठवायला दोघं लागले. मी विचारलं, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या चित्रांच्या शीट दाखवता का? मॅडमनी इमारतीचा ड्रोननं काढलेला व्हिडिओ दाखवला. ड्रॉइंग बोर्ड कुठे आहेत? “सर, आता सगळं डिजिटल.” शिकवतं कोण? “इंडस्ट्री एक्स्पर्ट.” रोज येतात? “व्हिजिटिंग.” पदवी कोणत्या विद्यापीठाची? इथे कॉफी आली. कॉफी चांगली होती. पदवीचं उत्तर अजून यायचं आहे.

मराठी अक्षरं शिकवता का, हेही विचारलं. मॅडम मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, “सर, डिझाईनला भाषा नसते.”

नसेल बुवा. पण पाटीला असते. आपल्याला वेळ असेल तर ‘दासगाव’ हा शब्द कसा लिहितात ते सांगतो. आधी खडू लावलेली दोरी ताणून भिंतीवर फटका मारायचा, शिरोरेषा उमटते. रोमन अक्षरं जमिनीवर उभी राहतात. आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांसारखी वरून लोंबतात. म्हणून वरची रेघ आधी, पोटं नंतर. ‘द’चं पोट आणि खाली सुटलेली शेपटी, त्याचा काना, मग ‘स’. ‘ग’ आणि त्याचा काना यांत फट किती ठेवायची हे पट्टी सांगत नाही, डोळा सांगतो. जास्त झाली की दोन उभ्या काठ्या, कमी झाली की गिचमिड. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा यांची टक्कर होणार, तिची सोय आधी करायची. आपल्या फ्लेक्सवर ‘गुणवत्तापूर्ण’मधला उकार खालच्या ‘प्लेसमेंट’च्या मात्रेत सरळ भोसकला आहे. बारकाईनं पाहा, रक्त येत नाही एवढंच.

ज्यांच्या डिझाईनला भाषा होती अशी माणसं याच महाराष्ट्रात होऊन गेली. कमल शेडगे नाटकाचं नाव असं काढायचे की ते नाव वाचतानाच नाटकाची जात कळावी. वर्तमानपत्रातल्या त्यांच्या जाहिराती कापून मी वहीत चिकटवायचो, तेच माझं कॉलेज. र. कृ. जोशी जाहिरातीतही होते आणि पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाईन केंद्रात शिकवतही होते. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. आपल्या रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरमध्येही तो असू शकेल, फुकट. २०१० साली रुपयाचं चिन्ह ठरलं, ते काढणारे डी. उदयकुमार याच आयडीसीतले, तमिळ अक्षरांवर काम केलेले. चिन्हात त्यांनी काय ठेवलं? देवनागरी ‘र’ आणि वर शिरोरेषा. आपली फी आपण ज्या चिन्हापुढे सहा आकडे घालून छापता, ते चिन्ह भाषा असलेल्या माणसानं काढलं आहे.

हं, आणि सरकारी कला महाविद्यालयांचा रस्ता म्हणजे पालखीमार्ग आहे असं मी म्हणत नाही. तिथली फी झेपते, मुंबईतली खोली झेपत नाही. जागा थोड्या, शिक्षकांच्या खुर्च्या बऱ्याच ठिकाणी रिकाम्या. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाल्यावर मी स्वतः एकदा एसटीनं मुंबईला जे. जे. या कलाशाळेत फॉर्म आणायला गेलो होतो. आवारातली मोठी झाडं बघितली. १८५७ पासूनची शाळा, रुडयार्ड किपलिंग त्याच आवारात जन्मला, हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की राहायचं कुठे याचं उत्तर माझ्याकडे नाही. फॉर्म घेऊन परत आलो आणि महाडला एका पेंटरकडे लागलो. पहिले सहा महिने त्यानं मला फक्त ब्रश धुवायला आणि शिरोरेषा मारायला ठेवलं. तेव्हा शिव्या घातल्या मनात. आज वाटतं, ते फाउंडेशन होतं. प्लेसमेंटही शंभर टक्के. विद्यार्थी एकच होता.

पुतणीच्या वेळी रस्ते जास्त आहेत, हे तिनंच शोधून काढलं. राज्याच्या बीएफएसाठी सीईटी आहे, तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, डिझाईनचं प्रात्यक्षिक आणि सामान्यज्ञान; म्हणजे आत घेण्याआधी हात बघतात. आयआयटीच्या बी. डेस.साठी युसीड ही परीक्षा आहे, तिला बारावीची कुठलीही शाखा चालते, आणि तिच्यातही एक भाग कागदावर काढून दाखवायचा असतो. जवळ बघायचं तर सावर्ड्याला सह्याद्रीचं कला महाविद्यालय आहे, देवरुखला डी-कॅड हे तसंच महाविद्यालय आहे. कोकणातल्या पोराला रंग शिकायला घाट चढावाच लागतो असं राहिलेलं नाही. यातलं काय तिला मिळेल ते मला माहीत नाही. पण यातल्या एकाही ठिकाणाहून ‘सीट ब्लॉक करा’ असा फोन आलेला नाही, एवढ्यावर माझं त्यांच्याबद्दल मत चांगलं झालं आहे.

बंधूंचं म्हणणं पडलं की काचेची इमारत आहे म्हणजे काहीतरी असेल. त्यांना मी २०२१ च्या जुलैची आठवण करून दिली. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं आणि उतरलं, तेव्हा दुकानांचे फ्लेक्स फाटून सावित्रीला गेले होते, नाहीतर विजेच्या तारांना लोंबत होते. माझ्या हातच्या चार-पाच पत्र्याच्या पाट्या चिखलात सापडल्या. नळाखाली धरल्या, फडक्यानं पुसल्या, परत टांगल्या. इनॅमल होतं. बंधू म्हणाले, “म्हणजे तिला पेंटर करायचंय का तुला?” नाही हो. तिला कॉम्प्युटर शिकू दे, मोबाइलचे पडदे डिझाईन करू दे, परदेशी जाऊ दे. फक्त आधी तिची रेघ कुणीतरी बघू दे.

तेव्हा महोदय, आमचा निर्णय असा की आपल्याकडे प्रवेश घ्यायचा नाही. युसीडचा फॉर्म भरायचा आहे, सीईटीचाही. वर्ष गेलं तर जाऊ दे. तोवर तिला रोज सकाळी एक तास माझ्याकडे दोरी मारायला बसवलं आहे. काल तिनं काढलेला ‘स’ अजून खुरडत चालतो, पण चालतो.

आपल्या काउन्सेलर मॅडमना माझा नमस्कार सांगावा. त्यांच्यावर माझा काही राग नाही. महिन्याला किती ‘सीट’ भरायच्या हे त्यांनाही वरून कुणीतरी सांगत असणार. त्यांची मुलगी मोठी झाली की तिला मात्र शीट बघूनच कॉलेज निवडायला सांगा.

शेवटची विनंती. आपला फ्लेक्स ज्या भिंतीवर लाकडी पट्ट्यांनी ठोकला आहे, त्याच्या मागे मी अठरा वर्षांपूर्वी लिहिलेली पाटी आहे. एकच शब्द : दासगाव. सध्या नवखा प्रवासी एसटीतून उतरतो, स्वेटरवाल्या मुलीकडे बघतो आणि विचारतो, हे कुठलं गाव? प्रवेशाची मुदत संपली की फ्लेक्स उतरवायला माणूस पाठवाल, तेव्हा त्याला खिळे पकडीनं सरळ उपटायला सांगा. तिरके ओढले तर रंगाचा पोपडा येतो.

कळावे,

आपला,
दासगाव फाट्याचा पेंटर

ता. क. : ‘डझिाईन’मधली वेलांटी जागेवर आणून हवी असेल तर मी शब्दाला पन्नास रुपये घेतो. वेलांटीचे वेगळे नाहीत.