आर-भाषानिवासी ‘मीन’ यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री ‘मीन’ यांसी,
मुक्काम बेस पॅकेज, आर भाषा.

कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

सरासरी काढण्यातील आपल्या नैपुण्याविषयी या पत्रलेखकाच्या मनात किंतु नाही. आपल्या कचेरीच्या दाराशी जो जो अर्जदार येईल त्यास नावगाव वा कागदपत्रे न विचारता बसावयास जागा देण्याचे जे असामान्य औदार्य आपण वर्षानुवर्षे दाखवीत आला आहात, त्याची जाहीर वाखाणणी करावी, एवढ्याच हेतूने हा पत्रप्रपंच.

कोणी नवशिका अभ्यासक २, ४ आणि ९ हे अंक व्हेक्टरमध्ये न गुंफता, नुसते स्वल्पविराम देऊन आपल्यापुढे ठेवतो आणि अदबीने त्यांची सरासरी विचारतो. त्याची अपेक्षा ५ ची असते. आपण २ सांगून त्याची बोळवण करता. कारण असे की, आपल्या दप्तरी पहिला अंक तेवढा मोजावयाचा ऐवज म्हणून नोंदला जातो, दुसऱ्याची रवानगी ‘ट्रिम’ या जागेवर होते आणि तिसऱ्याची, गैरहजर नोंदी वगळाव्यात की नाही हे ठरविणाऱ्या जागेवर. ट्रिम म्हणजे दोन्ही टोकांकडून छाटावयाचा अंश, आणि तो शून्य ते अर्धा यांच्या दरम्यान असावा, हे आपल्याच नियमावलीत लिहिलेले आहे. तेव्हा एकूण ऐवजाच्या चौपट भाग प्रत्येक टोकाकडून छाटावा असे फर्मान घेऊन ४ हा अंक दाखल झाला असता, कोणताही सामान्य कारकून निदान चष्मा पुसून कागद पुन्हा वाचता. आपण मात्र, मर्यादेबाहेरचे मूल्य जवळच्या मर्यादेइतके समजावे या कलमाच्या आधारे ४ चा अर्धा करता, अर्ध्या छाटणीचा अर्थ मध्यक असा लावता, आणि एकट्या २ चा मध्यक २, हे निर्विवाद सत्य त्याच्या हाती ठेवता. प्रत्येक पायरी कायदेशीर! तपासणी मुळीच होत नाही असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण ट्रिम ही संख्या आहे काय आणि ती एकच आहे काय, हे दोन प्रश्न आपण कसोशीने विचारता. तिला काही अर्थ आहे काय, हा तिसरा प्रश्न विचारणे बहुधा आपणांस असभ्यपणाचे वाटत असावे.

ज्याच्या नावातच लेखनिकाची चूक झाली आहे, त्याचा मुलाहिजा तर आपण याहून अधिक राखता. गैरहजर नोंदी वगळण्याचा हुकूम ‘एन-ए-आर-एम’ या नावाने द्यावयाचा. तो कोणी घाईत ‘एन-ए-एम-आर’ असा लिहिला, तर या नावाचे येथे कोणी नाही असे आपण सांगत नाही. तीन टिंबांची जी मोकळी जागा आपण राखून ठेवली आहे तेथे तो हुकूम निमूट बसून राहतो, आणि स्तंभात एकही नोंद गैरहजर असली की उत्तर येते ‘एन-ए’. तारखांची वा कालांतरांची सरासरी काढणारी आपली भावंडे याच दारातून आत जातात, सबब त्यांच्यासाठी आलेले निरोप अडविता येत नाहीत, हा आपला बचाव मला ठाऊक आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु आपले बंधू ‘सम’ यांच्यापाशी तोही नाही. १० आणि २० यांच्या बेरजेसोबत तोच चुकीच्या नावाचा हुकूम ‘ट्रू’ हे मूल्य घेऊन गेला, तर ते त्या हुकुमाची किंमत १ धरून ती रकमेतच जमा करतात आणि ३१ असे उत्तर देतात. ना हरकत, ना शेरा! ही उदारता की अफरातफर, हे हिशेब-तपासनीसांनी ठरवावे.

या स्वभावाचे मूळ घराण्यातच आहे. आपली पूर्वज भाषा एस ही १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरंभिली; तिच्याच वळणावर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर उभी केली, आणि तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी बाहेर पडली. संख्याशास्त्रज्ञाने यंत्रासमोर बसावे, एक प्रश्न विचारावा, उत्तर नजरेखालून घालावे, ते विचित्र वाटल्यास लागलीच दुसरा विचारावा, अशा संभाषणासाठी हे घराणे जन्मास आले, आणि तेथे पावलोपावली अडवणूक करणारा कारकून खरोखरच नकोसा होता. आज मात्र आपणांस बोलावणारा मनुष्य पुष्कळदा समोर नसतोच. रात्री आपोआप चालणाऱ्या एखाद्या लांबलचक प्रोग्रामच्या पोटात आपण कोठेतरी असता; संख्यांच्या स्तंभात कोणी ‘अंदाजे १२’ असे लिहून ठेवल्यामुळे अख्खा स्तंभ मजकूर ठरलेला असतो; आणि आपण काम थांबविण्याऐवजी ‘एन-ए’ देऊन सोबत एक इशारा जोडता, जो नेहमीच्या व्यवस्थेत सर्वांत बाहेरचे काम आटोपल्यावरच छापला जातो. तोवर ते ‘एन-ए’ पुढच्या गणितांत मुरलेले असते. अशा मजकुरास ‘सम’ मात्र तत्काळ दारातूनच परत पाठवितात, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

आपले शेजारी सुधारले आहेत. ‘इफ’ला अनेक अटी एकदम सादर केल्या, तर पूर्वी तो पहिली वाचून बाकीच्यांविषयी इशारा तेवढा देई; २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून तो एरर देऊन थांबतो, आणि पुढच्याच वर्षी, ४.३.० मध्ये, जोड-अँडनेही तोच शिरस्ता स्वीकारला. ‘स्टॉप-इफ-नॉट’ तर ४.० पासून नकाराचे कारण लेखकाच्या शब्दांत सांगू शकतो. एका ओळीच्या कामापूर्वी वीस ओळींची झडती घेणाऱ्या नव्या लेखकांचा मी चाहता नाही. लक्षवेळा फिरणाऱ्या लूपमध्ये ती झडती महागच पडते. परंतु या भाषेत अर्ग्युमेंटचे पाकीट गरज पडेपर्यंत फोडलेच जात नाही, त्यामुळे पहिल्या ओळीत न तपासलेला सदोष ऐवज तासभर काम झाल्यावर शेवटच्या ओळीत उघडा पडतो. दाराशी विचारपूस करावयाची ती यासाठी.

तरी ट्रिम अर्ध्यापलीकडे गेल्यास हरकत घ्यावी आणि मजकुराचा स्तंभ सरळ नाकारावा, एवढीच मागणी आहे. उत्तर पाठविताना नुसते ‘एन-ए’ लिहून पाठवू नये, आणि इशारा द्यावयाचा झाल्यास तो पत्राच्या मथळ्यावरच द्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक अर्जदार